धाकट्याला पुसून टाक

"हे बघ फोलारिन, नव्या स्टुडिओची मंडळी उद्या सकाळी येतायत. त्यांना एक कोरं मशीन लागणार. तू असं कर, आज धाकट्याला पुसून टाक."

"हो साहेब."

"साफ पूस. काही मागे राहता कामा नये. आणि थोरल्याला हातसुद्धा लावायचा नाही. अबेनी आजींचं गाणं थोरल्यावर आहे. त्याला काही झालं ना, तर मी तुला रागावणार नाही, नोकरीवरूनही काढणार नाही. सरळ आजींच्या हवाली करीन."

एवढं सांगून रेडिओ केंद्राचे प्रमुख ओबिओरा साहेब गाडीत बसले आणि मीटिंगला निघून गेले. फाटकाशी उभ्या असलेल्या फोलारिनच्या पोटात गोळा आला. तसा तो गोळा त्याच्या पोटात कायमच असायचा. साहेब बोलले की तो जागा बदलायचा, इतकंच. ओदान रेडिओच्या यंत्रांची देखभाल करायला फोलारिन नुकताच रुजू झाला होता. कामात हुशार, पण भित्रा असा की दारावरची घंटा वाजली तरी आधी "मी नाही केलं" म्हणायचा.

थोरला आणि धाकटा म्हणजे केंद्रावरचे दोन सर्व्हर. एकाच खोक्यातून आलेले, एकाच रंगाचे, एकाच उंचीचे. गार खोलीत एका टेबलाखाली लोखंडी फळीवर एक आणि तिच्या खाली जमिनीलगत दुसरा. कुणीही यावं आणि फसावं इतके सारखे. ते आले त्याच दिवशी साहेब म्हणाले होते, "जुळे आहेत रे हे. जुळ्यांची नावं ठेव." आणि आमच्या इबादान शहरात जुळ्यांची नावं काय ठेवायची हे कुणाला विचारावं लागत नाही. जो आधी बाहेर येतो तो ताइवो, मागून येतो तो केहिंदे. त्यात ताइवो धाकटा आणि केहिंदे थोरला. थोरला आत निवांत बसतो आणि धाकट्याला म्हणतो, जा रे, जग कसं आहे ते बघून ये. धाकट्याने बाहेर येऊन टाहो फोडला, की सगळं ठीक आहे असं समजून थोरला निघतो. मोठ्या माणसाने आधी स्वतः कशाला जायचं? निरोप्या पाठवायचा.

फोलारिनने याच रीतीने नावं ठेवली. दोन्ही यंत्रं सुरू केली, ज्याने आधी 'टुक्' केलं त्याचं होस्टनेम ताइवो, मागून टुकटुकलं त्याचं केहिंदे. होस्टनेम म्हणजे यंत्राचं नाव, ज्या नावाने बाकीची यंत्रं त्याला हाक मारतात. स्टुडिओत बसून मोरेनिकेने "केहिंदेवर ठेव" अशी कळ दाबली, की कार्यक्रम केहिंदेच्या पोटात जाऊन बसायचा. प्रत्यक्ष यंत्राचं तोंड बघायची कुणाला गरज पडत नसे.

आता ही यंत्रं ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, तिच्यात नाव ठेवायच्या दोन रीती असतात. एक नुसती तोंडी. आज्ञा द्यायची, की यंत्र म्हणतं "हो, मी ताइवो." पण एकदा झोपून उठलं की सगळं विसरतं. दुसरी रीत पक्की: त्याच्या पोटातल्या एका फाईलमध्ये नाव लिहून ठेवायचं, मग ते जन्मभर विसरत नाही. फोलारिनला दोन्ही रीती येत होत्या. पण त्या फाईलला हात लावायची त्याला भीती वाटायची. चुकून भलतंच काही खोडलं गेलं आणि यंत्र पुन्हा उठलंच नाही तर? त्यापेक्षा तोंडी बरं, असं म्हणून त्याने ते तसंच ठेवलं.

परिणाम असा, की लाईट जाऊन आली की दोघंही जन्माला आल्यासारखे बिननावाचे उठायचे. आणि आमच्याकडे लाईट कशी जाते ते मी सांगायला नको. म्हणजे फोलारिन जवळजवळ रोज बारसं करत होता. कीबोर्ड एकच. तो घेऊन कान देऊन बसायचा. आधी टुकटुकेल त्याला तो खोचायचा आणि ताइवो म्हणायचा, मग दुसऱ्याला खोचून केहिंदे. गेल्या बुधवारी खालच्याने आधी डोळे उघडले, म्हणून आधी त्याच्यात कीबोर्ड खोचायला फोलारिन पार जमिनीलगत वाकला, आणि उठताना टेबलाची कड अशी बसली की कपाळावर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. ते अजून उतरलं नव्हतं. आज सकाळी मात्र वरचा आधी उठला होता. आज वरचा ताइवो, खालचा केहिंदे.

यात काही वावगं आहे असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. मोरेनिके अधूनमधून ओरडायची, "अरे, काल केहिंदेवर ठेवलेली साबणाची जाहिरात आज गायब! आणि परवा गायब झालेली आज आपोआप परत आलीय! तुझ्या यंत्रांना भूत लागलंय का?" त्यावर तो म्हणायचा, "उकाड्याने होतं असं." आणि खोली आणखी गार करायचा.

तर, धाकट्याला पुसायचं. फोलारिन गार खोलीत मांडी घालून बसला आणि विचारात पडला. धाकटा म्हणजे कोण? आपल्या हिशोबाने ताइवो. पण साहेब आपल्यातले थोडेच? साहेब पार नदीपलीकडचे, ओनिचाचे. त्यांच्याकडे साधा व्यवहार: आधी आला तो थोरला, मागून आला तो धाकटा. बिचारे आपल्यात राहतात, आपल्या जेवणाला नावं ठेवत नाहीत, मग आपणही त्यांचं मन राखायला नको? ते धाकटा म्हणाले म्हणजे त्यांच्या मनात केहिंदेच असणार.

फोन करून विचारावं, असं एकदा त्याला वाटलं. पण पहिल्या आठवड्यात त्याने साहेबांना एक गोष्ट दोनदा विचारली होती. तेव्हा साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे नुसतं बघितलं होतं. पुन्हा तो चष्मा निघावा असं त्याला वाटत नव्हतं. उघडून बघावं, आजींचं गाणं कशात आहे, असंही मनात आलं. पण साहेब 'साफ पूस' म्हणाले होते, 'बघून पूस' म्हणाले नव्हते. त्याने कीबोर्ड खालच्या यंत्रात खोचला. पडद्यावर केहिंदे असं नाव होतं. त्याने डोळे मिटले आणि पुसायची आज्ञा दिली.

पुसून झाल्यावर तो बाहेर व्हरांड्यात आला. हर्मटानच्या, म्हणजे वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या धुळीने आंब्याचं झाड पांढरं झालं होतं. मोरेनिके पायरीवर बसून गरम अकारा, म्हणजे चवळीचे वडे, खात होती. मोरेनिके म्हणजे केंद्राची निवेदिका. रेडिओवर मधासारखं बोलायची आणि रेडिओ बंद झाला की मिरचीसारखं.

"ये रे टेंगूळराव. खा एक. काय, झालं काम?"

"झालं. केहिंदेला पुसलं." फोलारिनने अकारा उचलला.

मोरेनिकेचा घास तोंडातच राहिला. "कुणाला?"

"केहिंदेला. धाकट्याला पूस म्हणाले ना साहेब."

"केहिंदे धाकटा? तुझ्या आईने तुला काय दूध पाजलं की पाणी? केहिंदे थोरला!"

"ते आपल्यात. साहेब ओनिचाचे ना, त्यांच्यात उलटं..."

"अरे गाढवा!" मोरेनिके उठून उभी राहिली. "साहेबांची बायको ओग्बोमोशोची, आपल्यातलीच आहे! त्यांच्या घरी दोन जुळ्या पोरी आहेत! ताइवो आणि केहिंदे! मागून आलेलीला ते थोरली म्हणतात, ताटसुद्धा आधी तिचं वाढतात! केस पिकले त्यांचे इबादानात, ते काय आता ओनिचाचा हिशोब करणारेत? आणि बुधवारी आजींचं गाणं मी स्वतः केहिंदेवर ठेवलं! माझ्या हाताने! साहेब शेजारी उभे होते!"

फोलारिनच्या हातातला अकारा खाली पडला. एक कोंबडी आली आणि तो घेऊन गेली. त्याला ते दिसलंही नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं त्यांचं मन राखायला?" मोरेनिके म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त भयंकर होतं.

कारण ते गाणं काही साधंसुधं नव्हतं. अबेनी आजी स्वतः जुळ्यातल्या. त्या केहिंदे, त्यांची बहीण ताइवो. सगळं आयुष्य दोघींनी एका घरात, एका चुलीवर काढलं. गेल्या वर्षी आजच्याच तारखेला बहीण गेली. तिची ओरिकी, म्हणजे तिच्या नावाची, कुळाची, गुणांची आळवणी, आजींनी बुधवारी स्टुडिओत बसून म्हटली होती. आज संध्याकाळी सहाला ती लागणार होती. परदेशातली नातवंडं फोनवर कान लावून बसणार होती. आणि शुक्रवारी दवाखान्यात आजींचे समोरचे उरलेसुरले दात काढले होते. आजी आता 'फोलारिन' म्हणाल्या तर नुसती हवा यायची. ते गाणं पुन्हा म्हणणं आता होणार नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर साहेबांचं नाव. फोलारिनने फोन गरम कढईसारखा दोन बोटांत धरला.

"काय रे, पुसलास?"

"हो साहेब."

"शाब्बास. थोरला ठीक?"

फोलारिनला एक शेवटची आशा सुचली. मोरेनिके कदाचित चुकत असेल. "साहेब," तो म्हणाला, "घरी सगळे बरे आहेत ना? तुमची... थोरली कशी आहे?"

"थोरली? बरी आहे. का रे?"

"म्हणजे... ताइवो ना साहेब?"

"ताइवो कशी थोरली होईल? केहिंदे थोरली! तू कुठला रे, इबादानचाच ना? तुला मी शिकवायचं का हे?" साहेब पलीकडे खो खो हसले. "मी निघालोय. आजीही येतायत, आधी स्वतः ऐकणार म्हणतायत. त्यांना नीट बसव."

फोन बंद झाला. फोलारिन उठला आणि गार खोलीकडे पळत सुटला. ताइवोच्या पोटात चुकून एखादी नक्कल राहिली असेल, एखादा तुकडा, काहीही. त्याने कीबोर्ड वरच्या यंत्रात खोचला, पहिली कळ दाबली, आणि लाईट गेली.

खोलीत अंधार झाला. दोन्ही यंत्रांचे पंखे हळूहळू गप्प झाले. लाईट गेल्यावर यंत्रं सांभाळणारी बॅटरी कधीच बसली होती. तिच्याबद्दल साहेबांना सांगायलाही फोलारिन घाबरला होता.

"जनरेटर लावा! जनरेटर!" तो ओरडत बाहेर आला.

"पेट्रोल संपलंय," मोरेनिके म्हणाली. "जनरेटरवाला डबा घेऊन बोडिजाला गेलाय. पंपावर रांग आहे म्हणे."

"मी पळून जातो," फोलारिन म्हणाला. "अबेओकुटाला मावशी आहे माझी. तिच्याकडे जातो."

"जा ना. आणि जाताना त्या गाडीला हात कर, तीच बघ येतेय."

फाटकातून पिवळी टॅक्सी आत येत होती. मागच्या सीटवर निळ्या विणीचा भरजरी पोशाख घातलेल्या आणि डोक्याला तसंच कडक फडकं गुंडाळलेल्या अबेनी आजी बसल्या होत्या. मांडीवर एक झाकलेलं पातेलं. आजी टॅक्सीतून पाय बाहेर ठेवतात न ठेवतात तोच फोलारिन त्यांच्यासमोर लांबलचक आडवा झाला. मोठ्यांपुढे असं लोटांगण घालायचं असतंच, त्यात नवीन काही नाही. नवीन एवढंच की तो उठेना.

"उथ रे बाला," आजी म्हणाल्या. दात नसल्याने शब्द मऊ होऊन यायचे. "पुरे झालं. उथ."

"असू दे आजी. बरं वाटतंय."

"धूळ जाईल नाकात."

"जाऊ दे आजी."

मोरेनिकेने त्याला दंडाला धरून उभं केलं. आजींनी त्याच्याकडे निरखून बघितलं. इथून पुढे त्यांचं बोलणं मी सरळ लिहितो. दात नसलेल्या माणसाची टिंगल करायला मला आवडत नाही.

"पोरगा चांगल्या घरचा दिसतो," आजी म्हणाल्या. "कपाळाला काय झालं रे तुझ्या?"

"काम करताना लागलं, आजी."

"माझं गाणं तूच सांभाळतोस ना?"

फोलारिनने अंगावरची धूळ झटकायला घेतली. मोरेनिकेने उत्तर दिलं, "हो आजी, तोच सांभाळतो." आणि त्याच्या पायावर टाच दाबली.

"कुठे ठेवलंय?"

"के... केहिंदेवर," फोलारिन म्हणाला. हे खरं होतं. ठेवलं होतं तिथेच.

"माझ्याच नावावर!" आजींचा चेहरा फुलला. "बरं केलंस. ताइवोकडे द्यायचं नाही हो काही. आमची ताइवो, तिच्याजवळ एक गोष्ट टिकायची नाही. सकाळी सांगितलं की दुपारी अख्खा बाजार मला विचारायचा. चल, दाखव मला तुझा केहिंदे. लाईट नसली म्हणून काय झालं, भेटता तर येतं."

नाही म्हणायची सोय नव्हती. फोलारिन पुढे, आजी मागे, पातेलं घेऊन मोरेनिके सगळ्यात मागे. गार खोली आता चांगलीच गरम झाली होती. मोबाईलच्या उजेडात आजी दोन्ही यंत्रांसमोर वाकल्या.

"यातला केहिंदे कोण?"

फोलारिनने बोटाने खालचं यंत्र दाखवलं. आजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे यंत्राच्या. मग पातेल्याचं झाकण काढलं. आत चवळीची उसळ होती, लाल तेलाचा तवंग असलेली. जुळ्यांना चवळी लागतेच.

"आधी थोरल्याला," म्हणून त्यांनी एका बशीत उसळ काढून खालच्या यंत्रासमोर ठेवली. "खा हो बाबा. माझी बहीण तुझ्या पोटात आहे, तिला नीट ठेव." मग दुसरी बशी वरच्यासमोर. "हे तुला. तू बाहेर बोलू नकोस."

फोलारिनला रडू फुटणार होतं. तो रिकाम्या यंत्राकडे बघत होता. त्याच्या पोटात बहीण नव्हती, नातेवाईक नव्हते, काहीच नव्हतं. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, आजी, मी पुसलं हो तिला, माझ्या हाताने पुसलं, कशाला चांगली चवळी वाया घालवता! पण त्याने वाकून बशी तेवढी सरळ केली.

"रोज संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसायचो," आजी उठता उठता म्हणाल्या. "आता एकटीच बसते. आज तिचा आवाज नाही, पण तिचं नाव तरी सगळ्या गल्लीत ऐकू येईल. मी ट्रान्झिस्टर ओट्यावर ठेवून आलेय. शेजारीण सहाला लावणार आहे."

हे ऐकून मोरेनिकेनेही डोळे पुसले. फोलारिनने ठरवलं, आता सांगायचंच. काय व्हायचं ते होवो. त्याने तोंड उघडलं.

"अरे, कुठे आहात सगळे?" बाहेरून साहेबांचा आवाज आला. त्याने तोंड मिटलं.

साहेब आले, आजींना वाकून नमस्कार झाला, आजींच्या दातांची चौकशी झाली. आणि त्याच वेळी मागच्या अंगणात जनरेटर खोकला, शिंकला आणि धडधडत सुरू झाला. खोलीत दिवे लागले. टेबलाखाली दोन्ही पंखे गरगरले. फोलारिनने भिंतीला पाठ टेकली.

आधी खालच्या यंत्राने तोंड उघडलं. पण नेहमीचं टुक् नाही. टूं, टूं, टूं असा लांबलचक टाहो. पोटात काही नसलेलं यंत्र दुसरं काय करणार?

"हा का रडतोय?" साहेबांनी चष्म्याला हात घातला. "हा कोण?"

"साहेब... तोच तो. पुसलेला."

"मग बरोबर आहे. कोरा आहे, रडणारच," साहेब म्हणाले आणि हात चष्म्यावरून काढला. आजी मात्र खालच्याकडे बघत होत्या. त्यांना हा केहिंदे म्हणून दाखवला होता. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

मग वरचा टुकटुकला आणि शहाण्यासारखा उघडला. "लाव आता गाणं," साहेबांनी खुर्ची ओढली. "आजी, बसा."

कीबोर्ड वरच्या यंत्रातच होता. फोलारिन गुडघे टेकून बसला. पडद्यावर नाव नव्हतं. लाईट गेल्यावर ते कधीच राहत नसे. तो कळा दाबत होता. कुठेतरी जाहिरात असेल, बातम्या असतील, तेवढ्या दाखवायच्या आणि मग अबेओकुटा. त्याने बुधवारचा कप्पा उघडला. आत एकच नाव होतं.

अबेनी.

त्याने डोळे चोळून पुन्हा वाचलं. मग घाईने कळ दाबली, ते नाव पळून जाईल अशी भीती वाटून. आणि भिंतीवरच्या कर्ण्यातून अबेनी आजींचा आवाज आला, दात असतानाचा, खणखणीत, वर चढत जाणारा. बहिणीचं नाव, आईचं नाव, आईच्या आईचं नाव. बहिणीची चाल, बहिणीचं हसणं, बाजारात कुणाशीही बोलत उभं राहायची तिची खोड. आजी डोळे मिटून बसल्या होत्या आणि दात नसलेल्या तोंडाने बरोबर ओठ हलवत होत्या. साहेबांनी चष्मा काढला, पण या वेळी तो पुसायला.

फोलारिन गुडघ्यांवरच ढसाढसा रडायला लागला.

"याची कुणी जवळची होती का?" साहेबांनी हळूच मोरेनिकेला विचारलं.

मोरेनिकेचं तिकडे लक्ष नव्हतं. ती फोलारिनच्या कानाशी वाकली. "अरे, पण तू तर केहिंदेला पुसलंस ना? मग हे कुठून आलं?"

"ठाऊक नाही," फोलारिन हुंदके देत म्हणाला. "खालचा केहिंदे होता. आज सकाळी वरचा आधी उठला, म्हणून तो ताइवो, आणि खालचा..."

"आज सकाळी? म्हणजे रोज ठरतं?"

"लाईट आली की ठेवतो ना नावं. आधी उठेल तो ताइवो."

"आणि बुधवारी आधी कोण उठला होता?"

फोलारिनचा हात आपोआप कपाळाकडे गेला. टेंगूळ. बुधवारी तो आधी खालच्यासाठी जमिनीपर्यंत वाकला होता. बुधवारी खालचा ताइवो होता. बुधवारी केहिंदे होता वरचा.

मोरेनिकेने तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांतून बाहेर सांडलं. गाणं संपलं होतं. शांत खोलीत ते हसू सगळ्यांना ऐकू गेलं, आणि मग सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. फोलारिनने सगळं सांगितलं: साहेबांचं मन राखायला गेलो, उलटा हिशोब केला, धाकटा समजून थोरला पुसला, नावं तोंडी ठेवत होतो, रोज बारसं करत होतो.

साहेबांनी बराच वेळ बोटांवर हिशोब केला. "म्हणजे मी म्हटलं धाकट्याला पूस. तू पुसलास आजचा थोरला. पण आजचा थोरला हाच बुधवारचा धाकटा. म्हणजे दोनदा चुकून तू माझं ऐकलंस."

"हो साहेब. माफ करा साहेब."

"मी तुला शिक्षा करू की बक्षीस देऊ, हेच मला कळत नाहीये."

"यात एवढं डोकं फोडण्यासारखं काय आहे?" अबेनी आजी म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरची आठी कधीच गेली होती. "थोरल्याला आधीच कळलं, आज कुणीतरी पुसला जाणार. मग तो स्वतः जाईल होय? त्याने धाकट्याला पुढे पाठवलं, नाव स्वतःचं देऊन. धाकटा जाऊन रडला, तुम्ही ऐकलंत सगळ्यांनी. मग थोरला आला." त्या क्षणभर थांबल्या. "आमची ताइवोही पुढे गेलीय, बघून यायला. तिचा आवाज अजून आला नाही, म्हणून मी थांबलेय."

मग साहेबांनी घसा खाकरला आणि आवाजात नेहमीचा दरारा आणला. "फोलारिन, नाव फाईलमध्ये लिही. आत्ता, माझ्यासमोर. ज्याच्यात गाणं आहे तो केहिंदे, कायमचा. लाईट जावो नाहीतर आभाळ पडो."

फोलारिनने फाईल उघडली. नाव लिहिलं. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. ते उठलं आणि न विचारता म्हणालं: केहिंदे. इतके दिवस ज्या फाईलला तो घाबरत होता, तिने त्याला काहीही केलं नाही.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "आता असं करू. सहाला आजींचं गाणं आहेच, ऐकायला अख्खं गाव बसणार. त्याच्या आधी माझी 'सावध राहा' भाषणमाला लावू. सगळीच्या सगळी. मी दर सोमवारी आठवणीने केहिंदेवरच ठेवतो."

फोलारिनने सोमवारचा कप्पा उघडला. मग त्याच्या आधीच्या सोमवारचा. मग त्याच्याही आधीचा. सगळे रिकामे. त्याने टेंगूळ चाचपलं. त्याच्याकडून काही मदत मिळाली नाही. खालून कोरं यंत्र पुन्हा एकदा केविलवाणं टूं करून रडलं.

फोलारिन हळूहळू मागे सरकला आणि साहेबांच्या पायांशी लांबलचक आडवा झाला.

"आता काय झालं याला?" आजींनी विचारलं.

"साहेबांची भाषणं," मोरेनिके गंभीर चेहरा करून म्हणाली, पण दाबलेलं हसू तिच्या आवाजात उतरलं होतं, "सगळी ताइवो घेऊन गेला, आजी."

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला. पण त्याआधीच आजी खाली वाकल्या आणि कोऱ्या यंत्रासमोरच्या बशीत त्यांनी आणखी एक डाव उसळ वाढली.

"मग? एवढ्या लांब पाठवायचा तर थोरला त्याला रिकाम्या हाताने पाठवेल का?" त्या म्हणाल्या. "ऊठ रे बाळा. चवळी गार होतेय."